केळीकडं वळणारा जोड

सुनंदा,

तो जोड मी चिकटवायला नको होता. नुसता दाबून बसवला असता तरी पाणी गळलं नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी सोल्युशनची डबी उघडली, पाइपाच्या तोंडाला ब्रश फिरवला आणि जोड हातात घट्ट धरून बसलो. तो गळू नये म्हणून नव्हे. तुला तो पुन्हा फिरवता येऊ नये म्हणून. हे मी इतके दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचो, सिंक खोल घेतलं, पाइप खाली घ्यावा लागला. तेही खरंच आहे. पण ते अर्धंच आहे.

तुला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. भेटायला येणाऱ्यांची वर्दळ थांबलीय. आपली अश्विनी दुपारची भांडी घासते तेव्हा मी मागच्या पायरीवर येऊन बसतो, तू बसायचीस तिथं. आतून पाणी सोडल्याचा आवाज येतो, मग पाइपात गुडगुड होते, आणि मला मान वर करवत नाही.

आपण बजाजनगरच्या या घरात राहायला आलो ते आठवतंय ना तुला? घरामागं भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये माणूस आडवा झाला तर बसणार नाही एवढी पट्टी. बिल्डरनं तिथं विटांचे तुकडे आणि वाळू टाकून ठेवलेली. मी म्हणालो, "इथं फरशी टाकून घेऊ." तू कमरेला पदर खोचून विटा उचलायलाच लागलीस. "फरशीला काय फळं येतेत व्हय?" म्हणालीस.

ओट्याजवळ उथळ सिंक होतं. त्याचा पाइप भिंतीतून बाहेर येऊन सरळ चेंबरमध्ये जायचा. तुला ते पाहवलं नाही. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, सगळं गटारात. तुझं लहानपण मेंढरांबरोबर रानोमाळ गेलेलं. पाणी कुठं आहे आणि कुठवर पुरेल, हे तुझ्या घरात पोरंसुद्धा ओळखायची. तू म्हणालीस, पाइपाचं तोंड इकडं फिरवा. रविवार होता, हार्डवेअरची दुकानं बंद. मग आपण दोघांनी जो उद्योग केला, तो मी आयुष्यात कधी विसरणार नाही.

भंगारात पडलेला पाइपाचा तुकडा मी गॅसवर धरला. तू दुसरं टोक पक्कडीत पकडलंस. पाइप मऊ पडून वाकायला लागला तशी तू घाबरून ओरडलीस, "आवं, जळतंय की!" त्याचं एक टोक तापवून दुसऱ्या पाइपावर दाबून बसवायचं, म्हणजे तोंड रुंद होतं आणि बाजारचा जोड लागत नाही. हे मी कंपनीतल्या मेंटेनन्सवाल्यांना करताना पाहिलं होतं. तुझ्यापुढं मात्र रोजचंच काम असल्यासारखा आव आणला. माझा अंगठा भाजला. घरभर घाण वास सुटला. शेजारची बाई खिडकीतून विचारायला लागली, "काय शिजवताय ओ?" तू म्हणालीस, "प्लास्टिकची भाजी." आणि हसता हसता ओल्या फडक्यानं तो पाइप दाबून धरलास, थंड होईपर्यंत.

तो जोड थोडा सैल झाला. हातानं धरला की पाइपावर गोल फिरायचा. मला तो तोडून पुन्हा करायचा होता. तू म्हणालीस, "फिरतोय तर फिरू द्या. बरंच हाय." आणि खरंच, त्या सैल जोडावरच तू सगळा कारभार उभा केलास. साबणाचं, तेलकट पाणी असलं की बाहेर जाऊन तोंड चेंबरकडं फिरवायचीस. डाळ-तांदूळ, पालेभाजी धुवायची असली की तोंड झाडांकडं. एका हातात भांडं, दुसऱ्या हातानं पाइप वळवणं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता डोळे मिटले तरी तेवढंच दिसतं. अळू आलं, कढीपत्ता आला, गवती चहा आला. गल्लीतल्या बायका सकाळी कंपाउंडवरून हात पुढं करायच्या आणि तू तोडून द्यायचीस.

केळ सोपान घेऊन आला. तुझा धाकटा भाऊ. देवगाव रंगारीहून मोटारसायकलच्या मागं गोणपाटात गुंडाळलेलं पिल्लू बांधून आला होता. तू त्याच्यावर ओरडलीस, "गाडीवर लेकरासारखं बांधून आणलंस, पडलं असतं म्हंजी?" तो म्हणाला, "ताई, माझी काळजी कर की जरा. मीबी गाडीवरच होतो."

त्या केळीचं तू आधीच ठरवून टाकलं होतंस. अश्विनी तेव्हा शाळेत होती. तू म्हणालीस, हिच्या लग्नात दाराला केळीचे खुंट बांधायचे ते घरचेच बांधीन, बाजारातनं आणणार नाय. दर वर्षी नवी पिल्लं यायची. जुनी केळ पडली की तू एक ठेवायचीस, बाकीची वाटून टाकायचीस. त्या एकीकडं बोट दाखवून अश्विनीला म्हणायचीस, "ही तुझी." ती लाजायची नाही, वैतागायची. "आई, मला आधी नोकरी लागू दे." लागली. मग स्थळं यायला लागली.

आणि माझ्या डोक्यात सिंक शिरलं.

पुण्याकडचे पाहुणे बघायला येणार होते. मुलगा इंजिनिअर, घर शिकलेलं. मला आपलं घर एकदम त्यांच्या डोळ्यांनी दिसायला लागलं. ओट्याजवळचा डागाळलेला कोपरा, खरचटलेलं सिंक, मागं वाहणारं पाणी. मी स्टीलचं खोल सिंक आणलं. तू हात घालून बघितलंस. "विहीर आणली व्हय?" म्हणालीस. मी हसलो नाही. खोल सिंक म्हणजे त्याचं भोक खाली येणार, म्हणजे भिंतीतला जुना पाइप उंचावर राहणार, म्हणजे भिंत खाली फोडून पाइप नव्यानं घ्यावा लागणार. एवढं सगळं मला कळत होतं. बाहेरचा माणूस कशाला, म्हणून मीच करायला बसलो. सोपान त्या दिवशी बाजरी घेऊन आला होता. त्यानंच छिन्नीनं भिंत फोडून दिली.

बाहेरचा जुना पाइप मी कापला. आपण केलेला तो वळणारा तुकडा त्याच्यासकट खाली पडला. तू तो उचललास. पदरानं पुसलास. म्हणालीस, "हा तेवढा परत लावा."

मी म्हणालो, आता सरळ चेंबरमध्ये. पाहुण्यांसमोर मागं चिखल नको. डास होतात. वास येतो.

"वास कवा आला? साबणाचं पाणी मी तिकडं सोडतच नाय."

सोपाननं तुझ्या हातातला तुकडा घेतला, नव्या पाइपाला लावून बघितला. म्हणाला, "दाजी, बसतोय की. पाइप खाली आला तरी जमिनीच्या वरच हाय. दोन्हीकडं फिरंल."

तो बरोबर बोलत होता. बसत होता. मला तेच सहन झालं नाही. आपली दोघांची घराणी एकाच समाजातली, पण आमच्याकडं मेंढरं जाऊन शेती आली, शेती जाऊन कंपनी आली, आणि तेवढ्यावर मी स्वतःला कुणी वेगळा समजायला लागलो होतो. मी म्हणालो, "मेंढरांमागं हिंडून वाढलेल्यांना गटाराच्या पाण्याचंच कौतुक. इथं घरात माणसं येणार आहेत, कळप नाही."

ते वाक्य मी जसंच्या तसं इथं लिहितोय. बदलून लिहिण्याचा मला अधिकार नाही.

सोपाननं तुकडा पायरीवर ठेवला, नळावर हात धुतले, आणि "येतो दाजी" म्हणून निघाला. मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत तू दारात उभी होतीस. आत येऊन एवढंच म्हणालीस, "त्याच्यासाठी चहा ठिवला होता." मग तू गॅस बंद केलास. त्यानंतर मी बाजारातून आणलेला नवा जोड चेंबरकडं तोंड करून चिकटवला.

पाहुणे आले. बाहेरच्या खोलीत बसले, पोहे खाल्ले, अश्विनीशी बोलले, हसले आणि गेले. स्वयंपाकघराकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांना मुलगी पसंत पडली, आणि त्यात माझ्या सिंकचा काडीचाही संबंध नव्हता. ते गेल्यावर तू कपबशा धुवायला घेतल्यास. पाइपाला मी ढाळ कमी दिला होता, पाणी जाता जाता गुडगुड करायला लागलं. तू कान देऊन ऐकलंस आणि म्हणालीस, "तुमच्या सिंकला पोहे पचले नायत वाटतं." त्या दिवशीही मी हसलो नाही. हसलो असतो तर कदाचित पुढचं बोलता आलं असतं.

तू भांडली नाहीस. तू सिंकमध्ये घमेलं ठेवायला लागलीस. तांदूळ धुतलेलं पाणी त्यात धरायचं आणि मग ते घमेलं त्या विहिरीतून दोन्ही हातांनी वर काढायचं, कडेवर टेकवायचं, मागं नेऊन केळीला ओतायचं. सिंक उथळ असतं तर एवढं उचलावं लागलं नसतं. तुझं मनगट दुखायचं, तू त्याला फडकं बांधायचीस. मी पेपर वाचत तिथंच बसलेला असायचो. एकदा उठून घमेलं धरावं, एवढंही माझ्यानं झालं नाही. उठलो असतो तर पाइपाबद्दल बोलावं लागलं असतं.

तू मला एकदाच सांगितलंस. लग्न ठरलं त्या आठवड्यात, धुतलेले कपडे घडी करता करता. "सोपानला एक फोन करा. मला काय म्हणू नका, माझं चालतंय. त्याला म्हणा. अश्विनीच्या पाठीशी मामा उभा राहायला पायजे."

मी म्हणालो, "करतो."

"कवा?"

"करतो म्हणालो ना."

तू पुन्हा विचारलं नाहीस. माझ्या फोनमध्ये त्याचं नाव वर यायचं, मी अंगठा त्याच्यावर न्यायचो आणि दुसऱ्याच कुणाला फोन लावायचो. मला वाटायचं, पत्रिका द्यायला जाऊ तेव्हा बोलू. समोरासमोर बरं पडेल. एवढा मोठा अवधी होता आपल्यापुढं.

दवाखान्यातलं मी लिहिणार नाही. सकाळी तू मला कढीपत्ता आणायला मागं पाठवलंस आणि मी परत आलो तेव्हा तू ओट्याला टेकून खाली बसली होतीस, एवढंच. पुढचं सगळं काचेच्या पलीकडं झालं. सोपान रानातून तसाच आला होता, चपलांना माती. मी त्याला पाण्याची बाटली दिली, त्यानं घेतली. आम्ही दोघं एकाच बाकावर बसलो. अशा वेळी कुणी जुनं काढत नाही, या गोष्टीचा मी आडोसा घेतला. आत तू होतीस, बाहेर तुझं सांगणं होतं, आणि मी डॉक्टरांच्या येण्याकडं डोळे लावून बसलो.

दहाव्याला कायगावला नदीवर गेलो. तिथं मात्र मी ठरवून गेलो होतो. पिंडाला कावळा शिवत नाही तोवर माणसं एकेक करून गेलेल्याला शब्द देतात, तुला ठाऊक आहे. कुणी म्हणणार, अश्विनीचं लग्न थाटात लावू. कुणी म्हणणार, घराकडं लक्ष देऊ. मी म्हणणार होतो की सगळ्या भावकीसमोर, सोपानचं नाव घेऊन, त्याची माफी मागतो. आणि पाइप पुन्हा केळीकडं वळवतो. सांडपाण्याच्या पाइपाचं वाक्य तिथं कसं दिसेल, लोक हसतील का, याचाही विचार करून झाला होता. वाक्य तोंडात तयार होतं.

आम्ही मागं सरायच्या आतच कावळा आला. लगेच शिवला.

"समाधानानं गेली बाई," कुणीतरी म्हणालं. "काहीच मागं राहिलं नव्हतं तिचं." बायकांनी डोळे पुसले. माणसं गाड्यांकडं वळली. सुनंदा, त्या क्षणी मला एक घटकाभर सुटल्यासारखं वाटलं. तुला सांगायला नको असं काहीच ठेवायचं नाही, म्हणून हेही सांगतो. सुटल्यासारखं वाटलं, आणि मग चालताना पाय वाळूत रुतायला लागले. तुझं मागं राहिलं होतं. एकट्या मला माहीत होतं की राहिलं होतं. आणि तू तिथंही मला अडवून धरलं नाहीस.

तेरावं झालं. पाहुणे गेले. सोपान मागं राहिला, सतरंज्या मंडपवाल्याला परत करायच्या होत्या म्हणून. दुपारी तो हातपाय धुवायला मागं गेला आणि तिथूनच त्यानं हाक मारली.

"दाजी, ताईची केळ वाळाया लागली."

इतके दिवस घरात एवढी माणसं, एवढा स्वयंपाक, एवढं पाणी वाहून गेलं आणि केळीला कुणी थेंब दिला नव्हता. पानं कडेनं करपली होती. बुंध्याशी एक पिल्लू होतं, त्याचीही मान कलली होती. सोपाननं बादली भरून आणली. पाणी ओतायला वाकला आणि थांबला. बुंध्याजवळ मातीत काहीतरी रोवलेलं होतं, तोंड वर करून. त्यानं हलवून बाहेर काढलं.

आपला तुकडा होता. वाकवलेला, गॅसवर एका बाजूनं काळा पडलेला. मी तो भंगारवाल्याच्या पोत्यात टाकला होता. तू कधी काढून घेतलास? बुंध्याशी रोवून त्याच्या रुंद तोंडातून तू घमेल्यातलं पाणी ओतायचीस, म्हणजे थेट मुळाशी जाईल, वाया जाणार नाही. तू ओल्या फडक्यानं दाबून धरलेलं ते तोंड. मी ते हातात घेतलं आणि पायरीवर बसलो. तोंडातून आवाज फुटला तो माझा वाटत नव्हता. सोपान माझ्या शेजारी येऊन बसला.

मग मी आत जाऊन करवत आणली.

चिकटवलेला जोड निघत नाही, कापावाच लागतो. सोपाननं पाइप दोन्ही हातांनी धरला. मी जोडाच्या अलीकडून कापला. कडा घासल्या. तुकडा धुऊन, मातीचा कण न कण काढून पाइपावर बसवला. बसला. त्यानं सांगितलं होतं तसाच बसला. मी सोल्युशन लावलं नाही. अश्विनीला म्हणालो, "आतून पाणी सोड." गळलं नाही. मी जोड हातानं केळीकडं वळवला आणि पाणी मातीत उतरायला लागलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात सोपानच म्हणाला, "दाजी, मागचं मनात ठिवू नका. मी तवाच सोडून दिलं. ताईनं फोन केला होता."

"काय म्हणाली?"

"म्हणली, दाजींना लई वाईट वाटलंय, दोन दिस जेवले नायत. तुझ्याशी बोलायची लाज वाटती त्यांना, म्हणून मीच सांगते. लग्नाला ये." तो थोडा हसला. "मी म्हणलं, येतो की. दाजी काय परके हायत व्हय?"

सुनंदा, तू माझ्या वतीनं बोलून मोकळी झाली होतीस. मला नसलेली लाज तू मला दिलीस. मी न केलेला उपास माझ्या नावावर घातलास. त्या दोन दिवसांत मी काय केलं होतं, मला नीट आठवतंय. मी दोन्ही वेळा पोटभर जेवलो होतो आणि तू वाढलं होतंस.

गप्प राहणं सोपं होतं. तू सगळं जुळवून ठेवलं होतंस, मी मान हलवली असती तरी चाललं असतं. अश्विनीच्या पाठीशी मामा उभा राहणारच होता. लग्न वर्षाच्या आत करायचं की पुढं ढकलायचं, हे मोठी माणसं ठरवतील, पण तो येणार होता. पण मग तुझ्या त्या खोट्यावरच मी जन्मभर बसून राहिलो असतो.

मी म्हणालो, "ती खोटं बोलली, सोपान. मला वाईट वाटलं नव्हतं. मी नीट जेवत होतो. तू गेल्यावर मी मुद्दाम जोड चिकटवला, तिला फिरवता येऊ नये म्हणून. ती मला फोन कर म्हणाली होती, मी केला नाही. तुला जे बोललो ते तुलाच नाही, तुमच्या अख्ख्या घराला बोललो, आणि तिलाही बोललो. चुकलं माझं."

मी हात जोडले. सोपाननं ते धरले नाहीत की खालीही घेतले नाहीत. तो केळीकडं बघत होता. खिडकीत अश्विनी नळाला हात लावून उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. मग तो तिला म्हणाला, "चहा टाक गं पोरी." आणि पायरीवर सरकून त्यानं मला जागा करून दिली.

मला काय म्हणू नका, त्याला म्हणा, असं तू सांगितलं होतंस. त्याला म्हणालो. आपल्याकडं बायकोची माफी कुणी मागत नाही, माझ्या बापानं मागितली नाही, मीही एवढ्या वर्षांत कधी मागितली नाही. तू ऐकायला असतीस तर हसून म्हणाली असतीस, माझं चालतंय. तुझं चालत नव्हतं. ते फडकं बांधलेलं मनगट मी रोज पाहत होतो.

सुनंदा, चुकलं माझं.